पंख्याखालचे खडे

एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, सारख्याच कापडावर, सारख्याच गमने चिकटवलेले खडे शेजारणीकडे टिकत आणि माझ्याकडे गळत, याचे कारण काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. नव्वदच्या दशकात सुरतेच्या लिंबायतमध्ये राहताना या प्रश्नाने मला फार छळले. खरे सांगायचे तर खड्यांनी कमी, शेजारणीने अधिक.

आमच्या गल्लीतले पुरुष कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जात आणि बायका घरी साड्यांवर खडे चिकटवत. लग्नाआधी मी धुळ्याकडे शाळेत शिकवत होते. सुरतेत ते शिक्षण कोणी विचारीना. माझे म्हणावे असे हे एकच काम उरले होते. पण लगनसराईच्या, भरगच्च पदराच्या लाल साड्या शेजारणीला मिळत आणि मला रोजवापराच्या. त्याही परत येत.

"बेन, ये नहीं चाले," माल वाटणारा भाई एकदा म्हणाला. "खडे पड जाते हैं. अब वापस आया तो काम बंद." आणि माझ्याच उंबऱ्यावर उभे राहून त्याने शेजारणीला हाक दिली, "बेन, तमारा हाथ तो सोनाना छे!"

ते सोने मला दिवसभर टोचत राहिले.

तिच्या घरी पंखा नव्हता, माझ्याकडे होता. दुपारी पदराने वारा घेत ती दारात येई. "तुले काय, मास्तरीनबाई! पंखाखाल बठेल राणी शे तू." मला तो टोमणाच वाटे. राणीचे खडे गळतात, हे तिला ठाऊक होते.

कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असे मी वर्गात शिकवत असे. त्याप्रमाणे तिच्या डब्यातला गम वाटीत मागून आणला, खडे गळले. तिच्यासारखा खडा अंगठ्याने दाबून पाहिला, तरी गळले. मग भाई तिला मुद्दाम चांगला माल देतो, असे मी ठरवून टाकले. ते ठरवणे सोपे होते आणि त्यात सुखही होते.

एका दुपारी वीज गेली. कारखान्यांची खटखट थांबली, पंखाही थांबला. उरलेला अर्धा पदर मी घामाघूम होऊन पुरा केला. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडले, तर पंख्याखाली केलेल्या भागातले खडे निघाले आणि विजेविना केलेल्या भागातला एकही हलला नाही. मी आधी सगळीकडे गमचे ठिपके देई, मग खडे ठेवी. तेवढ्या वेळात वाऱ्याने ठिपक्यावर साय धरे. खडा त्या सायीवर बसे. खालच्या ओल्या गमपर्यंत पोचतच नसे.

पंखा बंद ठेवून केलेला गठ्ठा परत आला नाही. पण त्याच आठवड्यात शेजारीण सांगत आली की तिच्याकडे पंखा येतो आहे. मी तिला ठिपके, साय, सगळे नीट समजावले. कमरेवर हात ठेवून तिने ऐकून घेतले.

"आते मले पंखा ई ऱ्हायना, ते तुन्हा पोटमा दुखस, व?"

पोटात दुखत होते, हे खरे होते. मी सांगत होते, तेही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे तिला पटेल अशा शब्दांत मला मांडता आले नाही.

पुढे तिचे गठ्ठे परत येऊ लागले. तिने आपल्या दारावर, माझ्या दाराकडच्या बाजूला, लिंबू-मिरची टांगली आणि लाल साड्या माझ्याकडे आल्या. बंद पंख्याखाली घाम टिपत मी लाल पदरावर खडे बसवत असे. भिंतीपलीकडून तिच्या पंख्याची घरघर येई आणि तिला किती गार वाटत असेल, याखेरीज मला दुसरे काही सुचत नसे.

तेव्हा जळणाऱ्या बाईच्या शब्दावर वाचकांनीही विसंबू नये. कापडावर गमचे दोन ठिपके द्या, एक पंख्याखाली, एक आडोशाला. थोड्या वेळाने दोन्हींवर खडे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून स्वतः पाहा.