दुकानातलं भांडण

संत्रं सोललं की अकोल्याचं ते सभागृह आठवतं आणि माझं डोकं अजून तापतं. अमरावतीत आमचं फळांचं दुकान. गिऱ्हाईक घासाघीस करून अडलं की मी भाव थोडा उतरवायचो आणि बायको मागून ओरडायची, "काहून दुकान लुटवून राहिले? आज जेवाले घरी येऊ नका!" बाई सौदा मोडेल या भीतीने गिऱ्हाईक पटकन पिशवी पुढे करायचं. ते गेलं की आम्ही एकच संत्रं दोघांत वाटून हसायचो. प्रेमावरच्या पुस्तकांनी गाजलेले एक प्राध्यापक आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. अकोल्यातल्या आपल्या भाषणाला त्यांनीच आम्हा दोघांना आग्रहाने बोलावलं. बायको ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. सर म्हणाले, "संसारात प्रेम आटलं की काय होतं? आमच्या या फळवाल्या ताई चारचौघांत नवऱ्याचं जेवण बंद करतात. राग मानू नका हं, ताई." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मी ताडकन उठलो, "ओ सर, ते भांडण गिऱ्हाईकासाठी असते! दरवेळी त्याच्यात फसले तुमी, अन् आमाले प्रेम शिकवून राहिले?" सभागृह हसलं, पण बायकोने हात ओढून मला खाली बसवलं. तिचे डोळे भरले होते. तेव्हापासून ती दुकानात मुकाट्याने फळं तोलते. काल एक नवं गिऱ्हाईक कौतुकाने म्हणालं, "किती प्रेमानं राहता हो तुमी दोघं!" त्याला मी भावात एक रुपयाही सोडला नाही.