काळ्या मातीचे पाय

लाल साबणाचा वास आला की मला धुळ्याचं ते ख्रिस्ती कुटुंबांचं संमेलन आठवतं. ऐंशीच्या दशकातलं. देशोदेशीची जोडपी आलेली. शेवटच्या दिवशी नवऱ्यानं सगळ्यांसमोर बायकोचे पाय धुवायचे, असा विधी होता.

निघताना आमचे हे म्हणाले, "तुझे भेगाळलेले पाय मोज्यात झाक. पाहुण्यांसमोर लाज नको." लग्नापासून हेच ऐकत आलेली मी! विधीच्या सकाळी पाणी दिलेल्या कपाशीच्या चिखलातून मुद्दाम अनवाणी चालून आले.

हे गुडघ्यांवर बसून घासताहेत, घामानं भिजलेले. हळूच अहिराणीत म्हणाले, "बस ना व आते!" म्हणजे, पुरे ना गं आता.

मी म्हटलं, "टाच राहिली, अहो."

तेव्हा वाटलं, पाप झालं. आता हसू येतं. क्षमा मी केलीच की. पण दुसरा पायही धुऊन झाल्यावर.