आवडाबाईसाठी राखलेली बॅटरी

कोपरीच्या गणूला लोक शेठ म्हणायला लागले ते त्याच्या जमिनीवर टॉवर उभे राहिल्यावर. त्याआधी चौतीस वर्षं तो एसटीचा ड्रायव्हर होता, खोपट डेपोचा, आणि त्याच्या मनाला विचाराल तर अजूनही तोच आहे. डेपोत एक फळा असायचा. कोणता ड्रायव्हर एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर गाडी काढतो, ते त्यावर खडूने लिहिलेलं असे. गणूचं नाव वर्षानुवर्षं पहिल्या तिघांत. ड्यूटीवर चढण्याआधी तो आधी फळ्याचं दर्शन घ्यायचा आणि मग गाडीचं.

यंदा मुलाने, हर्षितने, नवी गाडी घेतली. ती पेट्रोलवर चालते आणि घरी प्लग लावून चार्ज केली की नुसत्या बॅटरीवरही चालते. बॅटरीवर असली की इंजिन झोपलेलं, पेट्रोलचा थेंबही जळत नाही. हा आकडा फळ्यावर कसा लिहिला असता, या विचारातच गणूशेठचा आठवडा मजेत गेला.

पुढे धाकट्या मुलीचं, प्राप्तीचं, लग्न ठरलं आणि घरात पहिला विषय निघाला तो धवल्यांचा. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आले तर कोणी फारसं मनावर घेत नाही, पण धवले गाणारी धवलारीण हवीच. हळदीपासून एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो, आणि गाण्यात घरच्या माणसांची नावं ओवलेली असतात. गणूची थोरली बहीण आवडाबाई अशी धवलारीण. राहते विठ्ठलवाडीला, वय चौऱ्याहत्तर, आवाज खणखणीत. प्राप्तीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं की माझ्या हळदीला आत्याच गाणार.

अडचण एकच होती. आवडाबाईला गाडी लागते. इंजिनाची घरघर पायाखाली सुरू झाली की पाव तासात उलटी, आणि उलटी झाली की दोन दिवस घशातून सूर निघत नाही. पूर्वी ती रेल्वेने यायची, पण गुडघे गेल्यापासून स्टेशनचे जिने बंद झाले.

"आपली गाडी मुकी आहे. तिला कळणारपण नाही गाडीत बसलीय ते," गणूशेठने घरात जाहीर केलं आणि साखरपुड्याला बहिणीला आणायला तो स्वतः निघाला.

जाताना त्याने सगळी वाट बॅटरीवर कापली. फुकटात जाता येत असताना पेट्रोल जाळणं त्याच्या रक्तातच नव्हतं. वर मुंब्रा बायपासच्या उतारावर त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. उतार दिसला की न्यूट्रल, ही चौतीस वर्षांची सवय. फळ्यावरचं त्याचं नाव असल्याच उतारांनी राखलं होतं.

येताना त्याच बायपासच्या चढाला बॅटरी संपली. इंजिन असं खवळून उठलं की आवडाबाईने दोन्ही हातांनी सीट धरली. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. साखरपुड्याला ती कोपऱ्यात लिंबू चोखत बसली, आणि प्राप्ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. निघताना आवडाबाई घोगऱ्या आवाजात भावाला म्हणाली, "गणू, हलदीला मी नाय येवाची. तुझे गारीन बसून तं अजिबात नाय."

गणूशेठ दोन दिवस धड जेवला नाही. गाडी लागते तिला, पण चूक आपली, हे त्याला स्वच्छ कळत होतं. चुकलं कुठे तेवढं कळत नव्हतं.

शेवटी सून, करिश्मा, गाडीचं पुस्तक घेऊन त्याच्या शेजारी बसली. "बाबा, तुम्ही बॅटरी जाताना उडवली. जाताना गाडीत आत्या नव्हत्याच ना. हे होल्डचं बटण बघा. हे दाबलं की गाडी पेट्रोलवर चालते आणि बॅटरी आहे तेवढी राखून ठेवते. हायवेला एकसारख्या स्पीडवर इंजिनच परवडतं. बॅटरी ट्रॅफिकसाठी ठेवायची."

"आणि आत्यासाठी," गणूशेठ म्हणाला.

"आणि उतारावर तुम्ही काय करता?"

"न्यूट्रल." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

करिश्मा हसू दाबत म्हणाली, "उतारावर नुसता पाय काढायचा. चाकंच बॅटरी भरतात. न्यूट्रल केलं की ते भरणं बंद."

गणूशेठने पुस्तक आपल्याकडे ओढून ते पान पुन्हा वाचलं. ज्या सवयीने आयुष्यभर नाव कमावलं, तीच इथे खड्ड्यात घालत होती. माणसाने या वयात इतकं ऐकून घेणं सोपं नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी विठ्ठलवाडीपर्यंत जाऊन यायला लागला, बहिणीच्या दारात न थांबता. चढावर पाय किती दाबला की इंजिन जागं होतं, ते त्याने तळपायाने पाठ केलं. पंधराव्या दिवशी कोपरीच्या दारात आला तेव्हा बॅटरीत छत्तीस टक्के शिल्लक होते. मगच तो बहिणीच्या घरी गेला आणि म्हणाला, "एकदा बस. इंजिनाचा आवाज आला तर तिथेच उतर, मी पाठीवर घेऊन येईन."

"तुझी पाठ बघितलीय मी," आवडाबाई म्हणाली. पण भाचीसाठी तयार झाली.

हळदीच्या सकाळी गणूशेठ होल्ड दाबून, पेट्रोलवर विठ्ठलवाडीला पोचला. आवडाबाई हिरवं लुगडं नेसून, मुठीत लिंबू घेऊन बसली आणि गाडी बॅटरीवर निघाली. पत्री पुलाच्या गर्दीत थांबत, सरकत, शीळ रस्त्याने पुढे. ती कान देऊन बसली होती, कधी घरघरतंय याची वाट बघत. तो आवाज काही येईना.

बायपासचा चढ लागला. मागून एका ट्रेलरने हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. जरा पाय दाबला असता तर गाडी सुसाट निघाली असती, आणि इंजिनही उठलं असतं. गणूशेठने डाव्या बाजूला घेतलं, पाय होता तिथेच ठेवला आणि ट्रेलरला खुशाल पुढे जाऊ दिलं. ड्रायव्हरने जाता जाता त्याला काहीतरी सुनावलं. एसटीवाल्याला आयुष्यात प्रथमच कोणी हळू चालवतो म्हणून शिव्या दिल्या, आणि त्याला त्या गोड लागल्या.

उतारावर हात सवयीने गियरकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

त्याच वेळी मागून गुणगुण ऐकू आली. आवडाबाई धवला घोळवत होती. आधी ओठांत, मग मोकळ्या गळ्याने. गणूशेठने आरसा नीट केला. त्याच्या स्वतःच्या हळदीला ती अजून गायला लागली नव्हती; पुढे लगीनसराईत एसटीला जादा गाड्या, त्यामुळे घरातल्या एकाही हळदीला तो कधी मांडवात नव्हता. बहिणीचा अख्खा धवला त्याने आज पहिल्यांदा ऐकला, चौसष्टाव्या वर्षी. कळव्याचा पूल आला तेव्हा त्याला समोरचं जरा धूसर दिसत होतं.

"यात माझं नाव कुठे येतं गं?" त्याने विचारलं.

"तुजा कवा येतंय? जो मांडवान नाय त्याचा नाव मी घेत नाय."

कोपरीच्या दारात प्राप्ती पिवळ्या साडीत उभीच होती. आवडाबाईने लिंबू तिच्या हातात दिलं, न चोखलेलं. बॅटरीत अडतीस टक्के उरले होते.

बायका आवडाबाईला मांडवात घेऊन गेल्या. गणूशेठ मात्र सवयीने गाडीपाशीच राहिला. प्लग लावला, काच पुसली, उगाच टायर बघितले. आतून धवला सुरू झाला, खणखणीत. नवरीचं नाव आलं, आईचं आलं, हर्षित-करिश्माचं आलं. मग गाणं मध्येच थांबलं.

"गणू कुठं हाय?" आतून हाक आली. "त्याला आत बोलवा. त्याच्यासाठी धवला खोलंबलाय."

गणूशेठ हातातलं फडकं खांद्यावर टाकून तसाच आत गेला. पाटाजवळ उभा राहिला आणि पुढच्याच ओळीत बहिणीने त्याचं नाव घेतलं.