पुढची तार

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं ज्या माणसामुळे कायमची आखडली, तोच माणूस नंतर चंडीगडच्या मराठी घरांत चहा पीत सांगत फिरला, की चूक माझ्या नवऱ्याचीच होती.

हा माणूस नवऱ्याच्या विभागाचा प्रमुख. आम्ही त्याला सर म्हणायचो. नवरा सर्जन, मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे. सुखना तलावावर सरांची एक लहान शिडाची होडी होती. मी वेंगुर्ल्याची, होड्यांत वाढलेली, म्हणून रविवारी ते आम्हा दोघांना सोबत बोलवत. पंजाबातले दहशतवादाचे ते वाईट दिवस. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे, दिवस मावळायच्या आत बाजार ओस. हॉस्पिटलात गोळ्या लागलेली माणसं यायची आणि नवऱ्याला थिएटरमधून बाहेर पडणं मुश्कील व्हायचं. तलावावरचा रविवार एवढीच काय ती त्याची मोकळीक.

अशाच एका रविवारी दुपारी पोलिसांनी निरोप पाठवला, की होड्या काठावर घ्या, डोलकाठ्या उतरवा आणि लवकर घरं गाठा.

डोलकाठी उतरवणं अवघड नसतं, पण त्याला क्रम असतो. ती तीन तारांवर ताठ उभी असते. दोन बाजूंच्या आणि एक पुढची. आधी शीड काढायचं. मग एकानं खोबणीत बसलेल्या बुंध्याला मिठी मारून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पुढची तार सोडवून हातात ताणून धरायची. बुंध्याशी असलेल्यानं ‘सोडा’ म्हटल्याशिवाय ती ढिली करायची नाही, कारण काठी तेवढ्या एका तारेवर तोललेली असते.

नवरा बुंध्याशी होता, सर पुढे, आणि मी मागे, टोक झेलायला. तेवढ्यात रस्त्यावर धडाड आवाज झाला. ट्रकचं टायर फुटलं होतं, हे मागाहून कळलं. सरांनी तार टाकून दिली आणि डोकं धरून खाली बसले. काठी कोसळली. मी बाजूला उडी मारली. बुंधा खोबणीतून उचकटला आणि नवऱ्याचा हात त्याच्या आणि खोबणीच्या कडेमध्ये चिरडला. तो पेशंटचा हात बघावा तसा आपल्या हाताकडे बघत राहिला.

घाबरल्याबद्दल मी सरांना कधी बोल लावला नाही. त्या दिवसांत फटाका वाजला तरी आम्ही सगळेच दचकायचो. पण आठवड्याभरात ते सांगू लागले, की आपण ‘सोडतोय’ म्हणून चांगली हाक दिली होती, यानंच हात नको तिथं घातला. मी मागेच उभी होते, ना सरांची हाक आली होती, ना नवऱ्यानं ‘सोडा’ म्हटलं होतं. तसं मी सांगितलं, तर बायका समजूतदारपणे माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. नवऱ्याची बाजू घेणारच ना ती. पुढे विभागाच्या बैठकीत सरांनी ‘निष्काळजी’ हा शब्द वापरला आणि त्याला उपकरणांच्या कोठारावर देखरेखीला बसवलं. जखमी येत राहिले आणि माझा नवरा चार वाजता घरी येऊन खिडकीशी बसू लागला.

तो गप्प राहिला. मी राहू शकत नव्हते. हिवाळाभर कणीक मळताना, फळा पुसताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं: सर बुंध्याशी उभे आहेत आणि तार माझ्या हातात आहे.

गुढीपाडव्याला आमच्या मराठी मंडळींनी तलावाकाठी जेवण ठेवलं. सरांना पोरांना होडीतून फिरवायची हौस आली. डोलकाठी उभी करायला कोण येतंय, असं त्यांनी विचारलं आणि मी उठले. नवऱ्यानं लांबूनच नको म्हणून मान हलवली. मी तिकडे बघितलं नाही.

सगळं रीतसर केलं. वरून विजेची तार जात नाही ना, वारा कुठून येतोय, तारा अडकवायच्या पिना गंजलेल्या नाहीत ना, सगळं तपासलं. बुंध्याशी सर आपणहून उभे राहिले. जड काम बाईला कसं सांगायचं, असं म्हणाले. काठी उभी राहिली. बाजूच्या दोन्ही तारा मी पक्क्या केल्या. पुढच्या तारेला दोरी होती, तिचा एक वेढा नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, खुंटीला दिला आणि टोक हातात धरलं. मी टोक धरून होते तोवर काठी पडणार नव्हती. पण खुंटी माझ्या गुडघ्याआड होती, सरांना ती दिसत नव्हती.

“पिन लावा वहिनी,” ते म्हणाले.

“लावते. त्या दिवशी तुम्ही हाक दिली होती का, सर?”

ते हसले. मी दोरी बोटभर सैल केली. काठी हलली. त्यांची बोटं खोबणीच्या अगदी काठावर होती.

“वहिनी, हा काय प्रकार आहे?”

“हाक दिली होती का?”

डोंगराकडून वारा येत होता. त्यांच्या कपाळावर घाम आला. काठावरची मंडळी आमच्याकडे वळून बघत होती. त्यांची बायको हातात वाटी घेऊन उभी होती.

“नाही,” ते पुटपुटले.

“काठावरच्यांना ऐकू गेलं नाही.”

“नव्हती दिली,” ते मोठ्यानं म्हणाले. “मी घाबरलो. तार सोडली. त्याची चूक नव्हती.”

मी तार ओढून घेतली, पिन बसवली, तिची कडी अडकवली आणि तिन्ही तारा पुन्हा ओढून बघितल्या. त्यांच्या होडीत मुलं बसणार होती.

परतताना स्कूटर मी चालवत होते. मागून नवऱ्यानं विचारलं, “सोडली असतीस?”

“दोरीला खुंटीचा वेढा होता,” मी म्हणाले.

“ते नाही विचारलं मी.”

मी स्कूटरचा वेग वाढवला. तो तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याला ते आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही.

सरांनी त्याला थिएटरात परत घेतलं नाही, आणि त्या बोटांनी ते जमलंही नसतं. पण ‘निष्काळजी’ हा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून आला नाही. सरांनी होडी विकली. मराठी घरांत ते आले की बोलणं जरा थबकायचं, आणि ते थबकणं मी चवीनं ऐकायचे. पुढच्या वर्षी नवऱ्यानं कोल्हापुरात शिकवायची नोकरी धरली. चांगला शिकवायचा. ऑपरेशन मात्र त्यानं पुन्हा केलं नाही, आणि ते आठवलं की मला अजून वाटतं, पाडव्याला मी सरांना फारच स्वस्तात सोडलं.