फक्त बोलायचा प्लॅन

"ए म्हातारे, बोलायला पैसे नाहीत तर फोन कशाला ठेवतेस गं?"

शेठनी काउंटरवरचा माझा फोन उचलून स्पीकरवर टाकला होता. पलीकडे माझी आई होती, दुधनीजवळच्या आमच्या गावात. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. मी हातातल्या चादरीची घडी घालत उभी.

 परक्या पुरुषाचा आवाज ऐकून आई घाबरली असणार. रोज सकाळी अकराच्या सुमाराला ती एक रिंग द्यायची. मी कट करायची. तिची रिंग म्हणजे बीपीची गोळी घेतली, बरी आहे. माझं कट करणं म्हणजे कळलं. तिला वाचता येत नाही. तिच्या बटणांच्या फोनवर दोनच्या बटणाला मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला होता. तो दाबून धरला की मला फोन लागायचा. आमचा हा कारभार वर्षभर बिनबोभाट चालला होता. त्या दिवशी मी कट करण्याआधी शेठचा हात पोचला.

"तुमच्या लोकांना सगळं फुकटच लागतं," शेठ म्हणाले. "सवलत फुकट, राशन फुकट, आता मिसकॉल फुकट."

गिऱ्हाइकं हसली.

आई म्हणाली, "चुकलं मालक. पोरीला काय बोलू नगा."

आणि मीही हसले. खोटं कशाला सांगू? सगळे हसत होते, शेठ माझ्याकडे बघत होते, आणि माझं तोंड आपोआप हसलं. आईला ते ऐकू गेलं का, हे मी तिला कधी विचारू शकले नाही.

तो नंबर शेठचा होता. सोलापुरात भवानी पेठेतल्या त्या चादरी-टॉवेलच्या दुकानात मी लागले तेव्हा त्यांनीच सिम दिलं. गिऱ्हाइकांना चादरींचे फोटो पाठवायला. त्यांच्या नावावरचं कनेक्शन, महिन्याच्या शेवटी बिल. "बिल मी भरतो, तुला काय तोशीस?" असं म्हणाले होते. मला केवढं कौतुक वाटलं होतं! माझा जुना नंबर मी बंद पडू दिला. दोन-दोन नंबर कशाला पोसायचे? मग दर महिन्याला बिल आलं की शेठ त्यावर बोट फिरवायचे. हा नंबर कुणाचा? इथं सात मिनिटं काय बोलत होतीस? मी उत्तरं द्यायची. हळूहळू मी फोन करणंच सोडलं. आईची एक रिंग तेवढी उरली होती.

त्या दिवसानंतर तीही बंद झाली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं. अकरा वाजले की शेठकडे चोरून बघत फोन हाताशी ओढायची, ते थांबलं. रविवारी गावाला जाऊन तिला समजावू, असं ठरवलं. रविवारी दुकानात सेल लागला. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं.

दहाव्या की अकराव्या दिवशी रिंग वाजली. आईचा नंबर. मी चटकन कट केली. मनात म्हटलं, आली बाई, रुसवा गेला. दोन मिनिटांत परत वाजली. शेठनी मान वर केली. मी परत कट केली.

ती रिंग आईची नव्हती. शेजारच्या महादेवीकाकू लाल ठिपका दाबत होत्या. आई चुलीपुढं पडली होती. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. काकू मला विचारणार होत्या, हिला अक्कलकोटला नेऊ की सोलापूरला? मी दोनदा कट केल्यावर त्या रस्त्यावर गाडी शोधत पळाल्या. मला दुपारी कळलं.

सिव्हिलच्या व्हरांड्यात काकू म्हणाल्या, "चार दिस डोकं दुकतंय म्हणत हुती की. मी म्हटलं, लेकीला लाव. तर म्हणली, त्यो नंबर लावायचा न्हाय, त्यो मालकाचा हाय. गोळ्या बी संपल्या हुत्या. कुनाला सांगायची?"

मी काकूंच्या पायाशी बसले आणि मोठ्यानं रडले.

आई वाचली. पण तिची वाचा गेली. ऐकू सगळं येतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी रोज करते.

महिन्यानं दुकानात गेले. शेठनी चहा मागवला. आईचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, "वर्षभर कुठं जाणार नाही असं लिहून दे. फोनचं वर्षभराचं मी बघतो. पगारही चालू ठेवतो."

मी सिम काढलं आणि त्यांच्या गल्ल्यावर ठेवलं.

"माझ्या आईची माफी मागा."

"कशाची माफी?" शेठ म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं! ते बघून मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता.

तिथून तडक मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "बिलाचं कनेक्शन देऊ? वापरा, महिन्याच्या शेवटी भरा."

"नको. आधी पैसे, मग बोलणं. लिहून-बिहून काही देणार नाही."

"मग वर्षाचा प्लॅन घ्या की, स्वस्त पडतोय."

"वर्षाचे एकदम नाहीत माझ्याकडं. सगळ्यात स्वस्त दाखवा. नेट नावापुरतं चालेल. फोन मात्र कितीही वेळा लावता आला पाहिजे."

त्यानं अठ्ठावीस दिवसांचा दाखवला. आधार कार्ड माझं, अंगठा माझा, फोटो माझा. नाव माझं.

आता मी दुसरीकडं शिलाईचं काम करते. आईला खोलीवर आणलंय. कामावर जाण्याआधी तिला उशीला टेकवून बसवते, फोन स्पीकरवर टाकते आणि शेठच्या दुकानाचा नंबर लावते. पाटीवर लिहिलेला नंबर आहे, गिऱ्हाईक त्यावरच येतं, त्यांना तो बंद करता येत नाही.

"आई ऐकतीय," मी म्हणते. "'बाई, माझं चुकलं' एवढं म्हणा."

ते शिव्या देतात. कट करतात. काल म्हणाले, "पोलिसांत देईन तुला."

"द्या," मी म्हटलं. "तिथंबी हेच सांगीन. नंबर माझ्या नावावर हाय."

आई भिंतीकडे तोंड करते. तिला हे नको आहे, मला कळतं. तिचा डावा हात माझा पदर ओढतो. पण माफी येईपर्यंत मी थांबणार नाही. रिचार्ज संपला की परत मारीन. उद्या सकाळी परत लावणार आहे.