थोरांची यादी आणि पाटोळे

श्यामसुंदर पाटोळे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीचे राखणदार होते. १९५१ ते १९८५. राखणदार हा शब्द कागदोपत्री. घरोघरी त्यांना 'कबरवाले पाटोळे' म्हणायचे आणि घरात मयत झाल्याखेरीज त्यांची आठवण कुणाला व्हायची नाही. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत ती जागा, फाटकाशी त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. माणूस कमी बोलायचा, पण बोलला की पुढे कुणी काही विचारायचं नाही.

१९८४ साली दफनभूमीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षं झाली की पुण्यात समिती होते, तशी आमचीही झाली. नऊ जण, अध्यक्ष निवृत्त प्राचार्य दीनानाथ शेलार, चिटणीस मी. इथे विसावलेल्या थोर व्यक्तींची पुस्तिका काढायचं ठरलं. थोर कुणाला म्हणायचं यावर पहिल्या बैठकीत दोन तास चर्चा झाली, आणि चहा येईपर्यंत असं निष्पन्न झालं की समितीतल्या प्रत्येकाचे वडील किंवा आजोबा थोर होते. शेलारांचे वडील मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. ते 'कलामहर्षी' झाले. जयसिंग भांबळांच्या आजोबांनी कुठल्याशा गव्हर्नरच्या स्वागताला एकदा पेटी वाजवली होती, ते 'संगीतरत्न'. माझे आजोबा येरवड्याच्या तुरुंगात कारकून होते. मी 'कारागृह-सुधारक' असं लिहिलं, आणि लिहिताना हात जराही अडखळला नाही.

काका, मामा, सासरे धरून असे बेचाळीस थोर जमले. मग लक्षात आलं की यातला कोण कुठे पुरलेला आहे, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. काही दगड खचलेले, काहींवर गवत. नंबरांच्या लोखंडी पाट्या भंगारवाल्यांनी कधीच्याच नेलेल्या. नंबर उरले होते ते पाटोळ्यांच्या डोक्यात. तेव्हा शेलार आणि मी त्यांच्याकडे गेलो.

पाटोळ्यांनी यादी ऐकून घेतली आणि आनंदीबाई बोर्ड्यांचं नाव दिसत नाही, असं म्हणाले. आनंदीबाई सुईण होत्या. भवानी पेठेपासून कुठेही, कुणाच्याही घरी जायच्या. शेलारांनी समजावलं की थोर म्हणायला काही निकष लागतात, शिवाय त्यांच्या घरचं माहिती द्यायला कुणी उरलेलं नाही.

"आपल्या मातोश्रींचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं," पाटोळे म्हणाले. "आपल्याच वेळचं."

शेलारांनी घड्याळ पाहिलं आणि संपूर्ण माहिती आठवड्यात द्या, असं सांगून आम्ही निघालो.

आठवड्यात यादी आली, गोलगोल अक्षरात. मी ती तशीच छापखान्यात दिली. मुद्रितं नऊही जणांनी तपासली, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या थोरावरचा परिच्छेद चारचार वेळा वाचला. शेवटच्या पानावरची पाटोळ्यांची यादी कुणी पाहिलीच नाही. तिच्यात कुणाचं कौतुक नव्हतं.

प्रकाशनाला बाहेरगावचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते. त्यांनी परिच्छेद सोडले आणि सरळ शेवटचं पान उघडलं. यादीला चार रकाने होते. नाव, ओळ, कबर क्रमांक, आणि चौथा 'शेवटची भेट'. ते मोठ्याने वाचू लागले. कलामहर्षी शेलार, ओळ सहा, कबर अकरा, शेवटची भेट १३ मार्च १९६१. मग चष्म्यावरून शेलारांकडे पाहून त्यांनी विचारलं, की त्या दिवसाचं काही विशेष होतं का?

"अंत्यविधी," शेलार पुटपुटले.

न्यायाधीशांना कमी ऐकू यायचं. त्यांनी कानामागे हात धरला आणि शेलारांना तो शब्द माइकवर उच्चारावा लागला.

पुढे संगीतरत्न भांबळ आले: 'माझ्या कारकिर्दीत कुणी नाही.' मग माझे आजोबा: '१९५६. नातू. पतंग काढायला.' सभागृहात कुणीतरी खोकलं. यादीत बेचाळिसांऐवजी त्रेचाळीस नावं होती. शेवटचं आनंदीबाई बोर्डे, आणि चौथ्या रकान्यात 'गेला रविवार. सोजरबाई व शकीला, मार्केट यार्डात कांदे निवडणाऱ्या. दर महिन्याला येतात.'

दुसऱ्या दिवशी समितीने पाटोळ्यांना बोलावलं. खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. असलं काही लिहायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं शेलारांनी विचारलं.

"संपूर्ण माहिती आपण मागितलीत."

"कबर कुठे आहे एवढंच विचारलं होतं."

"वडिलांची कबर कुठे आहे ते राखणदाराला का विचारावं लागलं, तेही लिहिलं," पाटोळे म्हणाले.

पुस्तिकेचं शेवटचं पान आम्ही नऊ जणांनी बसून फाडलं, पाचशे प्रतींमधून. पाटोळ्यांना वयाचं कारण देऊन निवृत्त केलं. सत्काराची शाल दिली, तीही भांबळांना कुठल्याशा समारंभात मिळालेली. पाटोळे येरवड्याला पुतणीकडे, नीरजाकडे, राहायला गेले. त्यांच्या जागी एजन्सीचा पहारेकरी आला. तो फाटकाशी बसून रेडिओ ऐकायचा.

पुढच्या ईस्टरला मात्र दफनभूमीत जत्रा लोटली. चौथ्या रकान्याची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. कोथरूडहून शेलारांचं कुटुंब आलं. यादी फाडलेली, पाट्या नव्हत्या. त्यांनी सहाव्या ओळीत अंदाजाने एक कबर ठरवली, पांढरीशुभ्र रंगवली आणि 'कलामहर्षी' कोरलेली संगमरवरी फरशी तिच्यावर बसवली. शेलार डोळे टिपत होते. फोटो काढून झाला.

पाटोळे बायकोच्या कबरीवर फुलं ठेवायला आले होते. लांबून सगळं पाहत होते. मी जवळ गेलो.

"ती सायमनची," ते म्हणाले. "मिशनच्या बंगल्यातला खानसामा. शेलारांचे वडील पलीकडे, तिसरे."

सांगायला हवं, असं मी म्हणालो.

"सांगा की. चिटणीस आपण आहात."

मी सांगितलं नाही. शेलार कुटुंब पुढे दरवर्षी येत राहिलं आणि सायमन खानसाम्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना करत राहिलं.

लोक पांगल्यावर मी पाटोळ्यांना आजोबांबद्दल विचारलं. ते पुढे चालू लागले. मागच्या भिंतीलगत, काँग्रेस गवतात बुडालेला हातभर दगड. तुरुंगाचा किंवा सुधारणेचा उल्लेख नाही. नाव, दोन तारखा. पाटोळ्यांनी पिशवीतून विळा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसले.

मी निम्मं गवत कापलं. मग पाठ भरून आली, ऊनही चढलं होतं, आणि घरी जेवायला पाहुणे यायचे होते. मी विळा परत केला, आभार मानले आणि स्कूटर काढली.