कुलूप लावूनही वीस

शहाद्यात अभिनंदनचं इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान. दुरुस्त केलेली वस्तू तो फडक्यानं पुसायचा, चालवून दाखवायचा, मगच हातात द्यायचा. आजोबा नथमलशेठ मारवाडातून आले तेव्हापासून घराण्याच्या शब्दाला बाजारात मान, आणि अभिनंदनला त्या मानाचा तोरा जरा जास्तच.

ब्राह्मणपुरीच्या रूपचंदआबांनी केळी पिकवायचं चेंबर बांधलं, तेव्हा तापमानाचं मीटर त्यानंच बसवलं. मे महिन्यात ते दुपारी सतरा अंशांऐवजी वीस दाखवू लागलं. आबांनी त्याला बोलावलं. त्यानं काही न उघडता, हमालांच्या देखत सांगून टाकलं, "आबा, मीटर खोटं बोलस नही, मानूस बोलस. दुपारले कोनी तरी दार उघडीसन थंडा हवामा लवंडस."

राखणीला वाहरू होता, धडगावकडचा, अबोल. "मी दार उघडत नाही, शेठ," एवढंच तो म्हणाला. हमाल फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून वाहरूचा 'एसीवाला साहेब' झाला. आबांनी दाराला कुलूप ठोकलं.

मग एके दुपारी आबांचा फोन आला. "कुलूप शे, चावी मन्हा कंबरले शे. तरी वीस! आते सांग, दार कोन उघडस?"

अभिनंदन काचेचं थर्मामीटर घेऊन धावत गेला. चेंबरमधले पंखे बंद केले, मीटर सतरावर आलं. चालू केले, पुन्हा वीस. काचेतला पारा मात्र सतरावरून हलला नाही. दुपारच्या उन्हात पंख्यांच्या मोटारी सुरू झाल्या की त्याच लाइनवरच्या, मीटरच्या स्वस्त अडॅप्टरची वीज गढूळ व्हायची आणि सेन्सरचा हिशेब चुकायचा. वीज निवळावी म्हणून सेन्सरजवळ हरभऱ्याएवढा कपॅसिटर लावायचा असतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बसवायच्या दिवशी डबीतले संपले होते. चालतंय ना, म्हणून त्यानं तसंच सोडलं. चालवून दाखवलं होतं, पण पंखे बंद असताना.

कपॅसिटर जोडून तो बाहेर आला. "काय व्हतं रे?" आबांनी विचारलं. 'सेन्सरच खराब निघाला' हे शब्द अगदी ओठांवर होते.

तेवढ्यात त्याला वाहरू दिसला. दाराजवळच्या सावलीतली त्याची खाट आता पार कुंपणापाशी, उन्हात होती. दाराच्या आसपास आपण कुणाला दिसूच नये, म्हणून.

अभिनंदनचे कान तापले. "आबा, मन्हीच चूक व्हती," हमालांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला. "वाहरूनी दार कधीच उघडं नही." हमाल टोपल्या आवरू लागले. आबांनी कुंपणापाशी जाऊन कमरेची चावी काढून वाहरूपुढे धरली.

"ये वाहरूभाऊ, मीटर तू सोता देख," अभिनंदन म्हणाला.

वाहरू उठला, पण चावीला त्यानं हात लावला नाही. "तुम्हीच देखा, शेठ. मी इथूनच राखीन."

अभिनंदन उघड्या दारात तसाच उभा राहिला. आतली थंड हवा पाठीला लागत होती, आणि मान वर करायचं त्याला धाडस होईना.